बारा महिने एकाच मापाचं लाकूड

आमच्या शेजारचे दादा वर्तक वजनमाप खात्यात निरीक्षक होते. खात्याच्या दृष्टीने ते निवृत्त झाले. किहीमच्या बाजाराच्या दृष्टीने अजून झालेले नाहीत. दादा पिशवी घेऊन येताना दिसले की भाजीवाल्या आपापले काटे पदराने पुसून घेतात. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याच्या हातातल्या डावाकडे अशा नजरेने बघतात, की वाढपी आपण होऊन आणखी एक डाव वाढतो. देवळात तीर्थ घेतानासुद्धा त्यांचं लक्ष पळीवर असतं. माणूस अजिबात वाईट नाही. त्यांनी कुणाकडून लिंबू फुकट घेतलेलं मी पाहिलेलं नाही. जेवढं सांगितलं तेवढं भरलं पाहिजे, इतकंच त्यांचं म्हणणं. फक्त हे म्हणणं ते देवापासून दुधापर्यंत सगळ्यांना लावतात.

त्यांची बायको श्यामला माझी मैत्रीण. त्यांची नारळाची वाडी आणि आमची वाडी यांच्यामध्ये कमरेएवढा दगडी गडगा आहे, आणि त्या गडग्यावरून एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात जसंच्या तसं पोचतं. त्यामुळे पुढे जे सांगते आहे ते मी एकतर पाहिलेलं आहे, नाहीतर ऐकलेलं आहे.

दादांचा मुलगा अजेय पुण्याला असतो. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्याने आणि सूनबाई आश्लेषाने आईला खूश करायचं ठरवलं आणि स्वयंपाकघरातली जुनी फडताळं काढून तिथे मॉड्युलर किचन बसवून दिलं. पांढरीशुभ्र, चकचकीत दारं. आतली फळी लाकडाच्या दाबलेल्या भुशाची होती. पुण्याला त्यांच्या घरी अगदी तसंच आहे आणि उत्तम चालतं. किचनबरोबर पुण्याची हवा पाठवायची तेवढी राहून गेली.

पाऊस लागला आणि दारं फुगू लागली. श्रावणात तर शेजारशेजारची दारं एकमेकांना अशी बिलगली, की कुठलं दार कुठे संपतं ते कळेना. सिंकखालच्या कपाटात अळंबी उगवली. दादांनी पट्टी आणून ती मोजली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली, आणि वाढ समाधानकारक असल्याचं श्यामलाला सांगितलं. गणपतीच्या दिवशी सकाळी मोदकपात्र आतल्या आत अडकलं. श्यामलाने मूठ ओढली तर मूठ हातात आली. उलथनं घातलं तर उलथनं वाकलं. दादांनी नारळ सोलायची पहार आणली खरी, पण ती घेऊन ते दाराशी नुसते उभे राहिले.

"अहो, घाला ना घाव," श्यामला म्हणाली.

"दार मोडलं तर तक्रारीचा पुरावा नष्ट होतो," दादा म्हणाले.

त्या वर्षी वर्तकांच्या गणपतीला नैवेद्याचे मोदक आमच्या घरून गेले. विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी श्यामला बॅग घेऊन ओटीवर आली. तिचा भाऊ दिघीला असतो, आगरदांड्याहून खाडी ओलांडली की पलीकडे.

"किती दिवसांसाठी?" दादांनी विचारलं.

"कपाटाचं दार एका बोटाने उघडेल तोपर्यंत."

"कुठल्या बोटाने?"

हे दादांनी चेष्टेने विचारलं नव्हतं. मापाचा निकष आधी ठरलेला बरा, एवढाच त्यात हेतू होता.

"करंगळीने," असं म्हणून श्यामला रिक्षात बसली. संसार इतक्या वर्षांचा, पण ती मागे वळून बघणाऱ्यांतली नाही.

दादांनी ते किचन उखडून वाडीच्या टोकाला नेऊन ठेवलं. शेजारच्या कोंबड्या कुठेही अंडी घालतात, पण त्यात त्यांनीही घातली नाहीत. मग दादांनी सुताराला बोलावलं. आमच्याकडे सुतारकाम प्रणय करतो. भाजी विकणाऱ्या येसूबाईंचा हा मुलगा. कानाला फोन, गळ्यात टेप, आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर प्रश्न संपायच्या आत तयार.

"दादा, सागवान घ्या. डोलं झाकून घ्या."

"डोळे झाकून मी काही घेत नाही."

"मंग उघडं ठेवून घ्या, पन सागवानच घ्या."

"मला फक्त एवढं सांग, प्रणय. बारा महिने एकच माप दाखवतं असं लाकूड कुठलं?"

"तसं लाकूड असतं तर मना कोनी कामाला बोलावला असता?"

हे उत्तर दादांना उडवाउडवीचं वाटलं. आयुष्यभर व्यापाऱ्यांकडून त्यांनी हेच ऐकलं होतं, की थोडंफार इकडेतिकडे व्हायचंच. मे महिन्यात एक माप आणि जुलैत दुसरं माप दाखवणारं दार त्यांच्या लेखी फुगलेलं नव्हतं, लबाड होतं. तेव्हा एक तरी प्रामाणिक लाकूड जगात असलंच पाहिजे आणि ते आपण शोधून काढायचं, असं त्यांनी ठरवलं. ते सापडलं की श्यामला परत येणार होती. त्यांच्या डोक्यात हे अगदी सरळ होतं.

त्यांनी एकाच आकाराच्या पाच फळ्या जमवल्या. सागवान अलिबागच्या वखारीतून. शिवण आणि ऐन ही जंगलातली लाकडं, ती रोह्याकडून. फणस आमच्या वाडीतला, वादळात पडलेल्या झाडाचा. आणि पाचवी मरीन प्लायची, कारण एका बाजूचं ऐकून निर्णय द्यायचा नाही असा त्यांचा नियम. वखारीत त्यांनी मालकाला विचारलं, झाड कुठल्या गावात वाढलं, उजेडातल्या पंधरवड्यात तोडलं की अंधाऱ्या, तोडल्यावर पाण्यात बुडवून ठेवलं होतं का. आमच्याकडे लाकूड अंधाऱ्या पंधरवड्यात तोडतात, म्हणजे त्याला भुंगा लागत नाही. मालकाने घाबरून वजनकाट्याची कागदपत्रं आणून समोर ठेवली. त्याला वाटलं धाड पडली.

लाकडाला ज्या घरात राहायचं त्या घरच्या हवेची सवय व्हायला हवी, असं प्रणय बोलता बोलता म्हणाला होता. दादांनी ते मनावर घेतलं. ओटीवरच्या पाच खुर्च्यांवर पाच फळ्या पाठ टेकून बसल्या. खुर्च्या तेवढ्याच होत्या. भेटायला येणारा माणूस उभा राही. मी एकदा सवयीने बसायला गेले तर दादा म्हणाले, "केसरताई, तिथे नको. तिथे ऐन आहे."

रोज सकाळी ते फळ्या हातगाडीवर घालून येसूबाईंच्या काट्यावर तोलायला न्यायचे. घरचा काटा लहान पडत होता.

"दादा, वांगी नका घेव, चालंल," येसूबाई म्हणाल्या. "पन फल्या आनू नका. गिऱ्हाईक इच्यारतं, ही भाजी कशी दिली."

"तुमचा काटा बरोबर आहे, येसूबाई. बाजारात हा एकच मला पटतो."

"म्हंजे मी सचोटीनं धंदा केला ती माझीच चूक."

गावात मग फळ्यांची चौकशी सुरू झाली. लोक आजाऱ्याला विचारतात तसं विचारू लागले. आज फणस कसा आहे? कालच्या पावसाने जरा चढला होता, आज उतार आहे. शिवणीचं काय? शिवण ठीक, पण एका कोपऱ्यात नरम वाटते. दिवाळीच्या सुमारास ऐन होडीसारखा वाकला. दादांनी त्याला खुर्चीवरून उठवून भिंतीकडे तोंड करून उभा केला. प्लायच्या कडा एके ठिकाणी सुटू लागल्या त्या दिवशी त्यांनी बाजारात एकाही काट्याकडे बघितलं नाही. सगळ्यात जास्त भरवसा त्यांनी तिच्यावर ठेवला होता असं नंतर कळलं.

संध्याकाळी श्यामलाचा फोन यायचा. आमच्याकडे रेंज कमी, त्यामुळे दादा ओटीच्या टोकाला उभे राहून मोठ्याने बोलायचे.

"सागवान बरा आहे. हो. शिवण कालच्यापेक्षा कमी. फणस आहे तसाच."

मग पलीकडून काहीतरी विचारलं जायचं.

"माझं?" ते एकदा म्हणाले. "माझं वजन मी केलेलं नाही."

पण ते उतरलं होतं. रोज खिचडी खायचे, आणि तीही तांदूळ आणि डाळ इतक्या काटेकोर प्रमाणात घालून, की तिला कुठलीच चव येत नसे. मी आमटी पाठवली की वाटी धुऊन परत येई. वाटीत काठापर्यंत आमच्या घरचीच साखर भरलेली असे, जी श्यामलाने कधीतरी उसनी नेली होती.

थंडीत मतलई वारा सुटला. जमिनीवरून येणारा हा वारा कोरडा असतो. पाचही फळ्या आक्रसल्या. सागवानसुद्धा. केसभर असेल, पण दादांनी ते पकडलं. त्या दिवशी त्यांनी प्रणयला बोलावून घेतलं.

"तुझा सागवान हलला."

"हलनारच. लाकूड हाय त्यो, दगड न्हाय. समदीच हलतात. म्हनून दारात फट सोरायची. पावसाला फुगून यायला जागा."

"फट म्हणजे कमी माप."

"फट म्हंजे फट."

"दार हाताच्या रुंदीचं सांगायचं आणि हाताला कमी द्यायचं. याच गोष्टीवर मी लोकांची दुकानं बंद केली आहेत, प्रणय."

"बरं, नगं फट. येवढा रंधा हाय माझ्याकडं. दर पावसाल्यात येतो न जरा घासून जातो. दहा वर्सांत दार न्हाय राहिला तर नवा बनवू."

येसूबाई गडग्यापाशी भाजीची पाटी उतरवत होत्या. त्या म्हणाल्या, "याचं नका ऐकू. याच्या स्वताच्या घराचा दार गनपतीत उघडत न्हाय न शिमग्याला लागत न्हाय. दोरीनं बांधतो आमी."

"आये, तू भाजी बघ."

दादांनी कुणाचंच ऐकलं नाही. पुढचा भाद्रपद येईपर्यंत, म्हणजे एक पूर्ण वर्ष, फळ्यांवर लक्ष ठेवायचं आणि मगच निकाल द्यायचा असं त्यांनी जाहीर केलं. ते वर्ष तसंच गेलंही असतं. पण चैत्रात अजेयचा पुण्याहून फोन आला, आणि बोलता बोलता तो सांगून गेला, की आईने दिघीला स्वतःसाठी संक्रांतीलाच नवं स्टीलचं कपाट घेतलं आहे.

दादांचा चेहरा मी पाहिला. बायको रागावून माहेरी गेली तर ती परत येते. माहेरी कपाट घेतलेली बायको ही वेगळी गोष्ट आहे. आणि ते स्टीलचं होतं. स्टील पावसात फुगत नाही, हे कुणी त्यांना सांगायला नको होतं.

"केसरताई," ते म्हणाले, "उद्या तुम्ही माझ्याबरोबर दिघीला याल का? तुमचं ती ऐकते."

"आणि फळ्या?"

"त्या येणारच. निवड तिच्यासमोर झालेली बरी."

सकाळी आम्ही एसटीने निघालो. पाचही फळ्या श्यामलाच्या सुती साड्यांत गुंडाळलेल्या, वर प्लास्टिक. अलिबागला गाडी बदलली. रेवदंडा गेलं आणि दादा उठून खिडक्या लावू लागले. आमची झाली, मग पुढच्यांची.

"काका, काय करताय?" कंडक्टरने विचारलं.

"काशीदची हवा वेगळी आहे. सहा महिने यांना किहीमची सवय लावली आहे."

कंडक्टरने फळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी बाहेर बघू लागले. चैत्रातलं ऊन, खिडक्या बंद, आणि गाडीत कोळंबीची टोपली. मागच्या बाईने पदराने वारा घेत विचारलं, "आजारी आहे का कुणी?"

"नाही," दादा म्हणाले. "तपासणी चालू आहे."

"मग आम्ही हवा खायची नाही का?" कंडक्टर म्हणाला. पण त्याने खिडकी उघडली नाही. दादांचा आवाज खात्याचा होता, आणि तो आवाज लोक ओळखतात.

आगरदांड्याच्या धक्क्यावर तिकीटवाल्याने फळ्यांना सामानाचं तिकीट लावलं. दादांनी त्याला सामान आणि नमुना यांतला फरक समजावून सांगितला. मागची रांग त्यांना पुढे ढकलेपर्यंत सांगत राहिले, आणि मग सामानाचं तिकीट घेतलं. बोट सुटली. समोर दिघी दिसत होती. त्यांनी सागवानाच्या फळीवर हात ठेवला होता, प्रवासात लहान मुलावर ठेवतात तसा.

"ती नाही म्हणाली तर?" ते म्हणाले.

लाकडाबद्दल नसलेला असा प्रश्न त्यांनी मला सात महिन्यांत पहिल्यांदाच विचारला होता. मी फळ्यांवरचं प्लास्टिक नीट केलं.

श्यामला अंगणात आमसुलं वाळत घालत होती. अंगावर पोपटी साडी, मोठाल्या फुलांची. श्यामलाने आयुष्यात तसली साडी नेसली नव्हती. दादांनी फळ्या खाली ठेवल्या. इतक्या महिन्यांनी बायको भेटल्यावर माणूस काय बोलेल? ते म्हणाले, "ही साडी?"

"वहिनीची आहे."

"तुझ्या कुठे आहेत?"

"कपाटात."

आतून तिची भावजय म्हणाली, "कपाटातच आहेत. होळीपासून."

श्यामलाने आमसुलाचं ताट जरा जास्तच नीट सरळ केलं. मग सगळं बाहेर आलं. घर खाडीच्या तोंडाशी, वारा खारा. नव्या कपाटाच्या कुलपात गंज चढला आणि किल्ली फिरेना. भाऊ कुलूप तोडायला निघाला तर हिने तोडू दिलं नाही, कपाट नवीन आहे म्हणून. आणि किहीमला कळवणार कसं? ज्या कारणासाठी नवऱ्याचं घर सोडून आली, तेच कारण इथे भिंतीला टेकून उभं होतं. म्हणून भावजयीच्या साड्या नेसत दिवस काढले, आणि संध्याकाळी फोनवर सागवानाची तब्येत विचारली.

दादा हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी आत जाऊन कपाट पाहिलं, कुलपावर बोट फिरवून तांबूस पूड उजेडात नेऊन बघितली.

"लोखंडसुद्धा," ते म्हणाले. एखादा सचोटीचा सहकारी निलंबित झाल्याची बातमी ऐकावी तसा तो आवाज होता.

चहा झाला. दादांनी ओटीवर पाचही फळ्या ओळीने मांडल्या आणि एकेकीचा अहवाल सांगायला सुरुवात केली. भावजय ऐनापर्यंत ऐकत होती, मग आत गेली. श्यामलाने सगळं ऐकून घेतलं.

"थोडक्यात सांगा. सगळ्यात कमी हलतं ते कुठलं?"

"सागवान."

"आणि तुम्हाला कुठलं आवडलं?"

आवडण्याचा मुद्दा तपासणीत नव्हता. दादांनी एकेक फळी पुन्हा हातात घेऊन पाहिली, आणि मग फणसाची पिवळट फळी पुढे सरकवली.

"हा पावसात फुगतो. सागवानापेक्षा जास्त फुगतो, ते मी लपवत नाही. पण पाऊस गेला की होता तिथे परत येतो. वाकत नाही, फाटत नाही. दर खेपेला परत आला." मग म्हणाले, "पण त्याच्या दाराला फट सोडावी लागेल."

"किती?"

"तेच तर. मापात सांगता येत नाही. पावसावर आहे."

हे वाक्य म्हणायला त्यांना किती जड गेलं, ते बाजारातल्या कुणालाही सांगता येईल. श्यामला आत गेली, चपला घालून बाहेर आली आणि म्हणाली, "बोट किती वाजता आहे?"

बॅग घेण्याचा प्रश्नच नव्हता. तीही कपाटातच होती. ती पोपटी साडीवर किहीमला आली. येताना गाडीत ती आणि दादा एका बाकावर बसले, फळ्या माझ्या बाकावर.

प्रणयने वैशाखात फणसाचं कपाट करून दिलं. फट सोडली. दादा समोर खुर्ची टाकून बसले होते, आणि प्रत्येक दाराला फट सोडताना तोंड दुसरीकडे वळवत होते. तेव्हा आतल्या डब्यावरचं नाव बाहेरून वाचता येत होतं. पाली बिनदिक्कत आत जात होत्या. श्यामलाने तक्रार केली नाही, दादांनी दोनदा केली.

खरी परीक्षा श्रावणात होती. आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. सकाळी दादांनी मला हाक मारली. साक्षीला, असं म्हणाले. स्वयंपाकघरात श्यामला कपाटासमोर उभी होती. तिने करंगळी दाराच्या मुठीत अडकवली आणि ओढली. दार हललं नाही. मग तिने आख्खा हात लावला, जरा कुरकुर झाली आणि दार उघडलं. आतला डबा घेऊन ती ओट्याकडे वळली.

दादा आतल्या खोलीत गेले आणि बाहेर आले ते रिकामी बॅग घेऊन. मागच्या महिन्यात तिच्या भावाने कुलूप तोडून पाठवून दिलेली. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि तिची चेन उघडली.

"हे काय?" श्यामलाने विचारलं.

"एका बोटाने उघडलं नाही," दादा म्हणाले. "अट पुरी झाली नाही. मी साड्या काढून देतो. अलिबागची गाडी मिळेल." आवाज सरळ होता. निकाल त्यांच्याविरुद्ध गेला होता आणि तो त्यांनी मान्य केला होता.

श्यामलाने त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"अट कुणाची होती?" तिने विचारलं.

"तुझी."

"मग ती मोडली की नाही ते मी ठरवीन. तुम्ही बसा आणि नारळ खवा."

"किती?"

"पुरे म्हणेन तोपर्यंत."

दादा विळीवर बसले. मी घरी आले. गडग्यापलीकडून बराच वेळ खवण्याचा आवाज येत होता, आणि ती पुरे म्हणाल्याचं काही मला ऐकू आलं नाही.